तेवीस तास चाळीस मिनिटं

मध्यरात्र उलटली की नव्या जागा सुटतात,
आजपासून तीनशे तिसाव्या दिवसाच्या.
त्याआधी पाच मिनिटं त्यांचा फोन.
"प्रिंगल बोलतोय, टिमारूहून. सेइनी आहे का?"
ऑकलंडच्या या मजल्यावर रात्रपाळीला आम्ही चौघी,
हीटर एक, आणि त्यावरून रोजची कुरबुर.

लोकरीचे व्यापारी होते. अठ्ठावीस वर्षं
मेंढीच्या पाठीत बोटं खुपसून धाग्याची जात सांगायचे,
आणि तीच पुन्हा सांगायला इटलीपर्यंत उडायचे.
आता गुडघे गेले, कळप विकला.
मैल तेवढे शाबूत:
एक लाख शहाण्णव हजार चारशे.

आमचं कोष्टक त्यांना माझ्याहून पाठ.
घरच्या विमानानं गेलं की मैल पाण्यासारखे जातात,
भागीदाराचं विमान धरावं;
त्यातही इंधनाचा अधिभार न लावणारा भागीदार,
त्यातही मंगळवार.
"वेबसाइटवर दिसते ती जागा खरी नसते, पोरी.
भूत असतं ते. तुझ्या पडद्यावर बघ."
मी बघते. भूतच असतं.

तीन हिवाळे असे.
जागा हाताशी आली की पेन्सिल चालायची,
मग म्हणायचे, "मैलाला दोन सेंटसुद्धा पडत नाहीत.
राहू दे."

काल म्हणाले, व्हँकुव्हर.
म्हटलं, आहे, जूनमध्ये, खिडकीची.
"तिथं जायचं नाहीये. तिथून जायचंय."
पुढे कुठे?
बराच वेळ नुसती किटली ऐकू आली.
"इस्तंबूल म्हण. त्याच दरात बसतं ना?"
बसतं.

नियम असा आहे:
चोवीस तासांच्या आत पुढचं विमान धरलं
तर ते विमान बदलणं. फुकट.
वर एक मिनिट गेलं, की ते थांबणं.
थांबण्याचे पंचवीस हजार.

मी जोडून पाहिलं.
दुपारी एक पस्तीसला उतरणं,
दुसऱ्या दिवशी सव्वाला भागीदाराचं उड्डाण.
तेवीस तास चाळीस मिनिटं.
हसले. तीन वर्षांत पहिल्यांदा.
"याला म्हणतात भाव."

मग, मी काही विचारलं नसताना:
"मुलगा आहे तिथं. रॉरी. अकरा वर्षं झाली.
त्याच्या घराला पायऱ्या किती, ठाऊक नाही."

बोलायला नको होतं, फोन रेकॉर्ड होतात,
तरी बोलले. मिस्टर प्रिंगल,
मैल भरपूर उरतायत तुमचे.
पंचवीस हजार घाला, आठवडाभर राहा.

"आणि सातव्या दिवशी काय बोलू?"
किटली बंद झाली.
"विमान आहे म्हटलं की उठता येतं.
त्यालाही वाईट वाटायला नको, मलाही."

माझा मामा टोंगाहून आठ दिवसांसाठी आला
आणि चार वर्षं राहिला.
निघाला तेव्हा आईनं चटया बांधून दिल्या,
गाडी वळेपर्यंत शिव्या घातल्या,
मग दोन दिवस जेवली नाही.
हे मी प्रिंगलना सांगितलं नाही.
कर एकशे बारा डॉलर, म्हटलं. कार्डाचा नंबर सांगा.

त्यांनी सांगितला. तिकीट निघालं.
फोन ठेवतील असं वाटलं.
"ते पुढचं विमान... उशिरा सुटतं का कधी?"
मी नोंदी उघडल्या.
जूनमध्ये नाही, म्हटलं. जानेवारीत सुटतं,
बर्फ पडला की.
"किती उशिरा?"
कधी तीन तास. कधी दुसऱ्या दिवशी.
"त्याचे मैल लागतात?"
नाही. ते आमच्याकडून.

पलीकडे पेन्सिल. मग पेन्सिलही नाही.

"तारीख बदलायला काय पडतं?"
तीस डॉलर, मिस्टर प्रिंगल. ते मात्र परत मिळत नाहीत.

"घे," म्हणाले,
आणि कार्डाचा नंबर पुन्हा पहिल्यापासून वाचू लागले,
सावकाश,
एक आकडा दोनदा.